एवोदियाचे निशिगंधाचे डबे

एवोदियाकडे कुंडी म्हणून एकही नव्हती. कुंडी विकत घेणारी बाई तिच्या लेखी आळशी, आणि आळशी बाईशी ती फार वेळ बोलत नसे. तिच्याकडे होते डबे. मिरचीच्या लोणच्याचे, डुकराच्या चरबीचे मोठाले पत्र्याचे, रंगाच्या रिकाम्या बादल्या, कान तुटलेली मातीची हंडी, आणि तिच्या आईचं ते पांढरं एनॅमलचं भांडं, जे म्हातारी रात्री खाटेखाली ठेवायची. त्या भांड्यात गुलबक्षी अशी काही फोफावायची की पाहुणे विचारायचे, खत कोणतं घालता. मी हसू दाबायला टाक्यावर जाऊन उगाच हात धुवायचे.

मी तिची शेजारीण. नाव एन्कार्नासिओन, पण एवढं मोठं नाव घ्यायला कुणाला वेळ आहे, सगळे चोनाच म्हणतात. एका अंगणाभोवती आमच्या सहा खोल्या, मधे कपडे धुवायचं दगडी टाकं. टाक्याच्या या बाजूला एवोदिया, बरोबर समोर तिची धाकटी बहीण हासिंता, आणि कोपऱ्यात मी. कोपऱ्यातल्या माणसाला सगळं दिसतं, त्यात माझा काय दोष.

आमच्या अत्लिस्को गावात दर चार घरांमागे एक रोपवाटिका. बाहेरगावचे लोक गाड्या भरभरून रोपं नेतात. एवोदियाने जन्मात एक रोप विकत घेतलं नाही. म्हणायची, ‘विकतचं रोप म्हणजे भाड्याचा नवरा. चार दिवस रुबाब, मग मान टाकतो.’ तिचं सगळं चोरीचं होतं. म्हणजे रीतसर चोरीचं. चोरलेली फांदी जगते आणि मागून घेतलेली रुसते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. फांदी हवी तर मागायची नाही. मालकिणीने पाठ फिरवायची, आपण खुडायची, आणि आभार मानले तर रोप मेलंच समजा. एवोदिया पाठ फिरवायची तेव्हा मोठ्याने म्हणायची, ‘आज पाणी किती गढूळ आलंय बाई.’ पाणी गढूळ आलं की आम्ही कात्री काढायचो.

निशिगंधाचे कांदे मात्र ती कुणाला हात लावू देत नसे. थंडी सरली की चरबीचे डबे अंगणात मांडायची, खिळ्याने बुडाला भोकं पाडायची, तळाशी कौलांचे तुकडे, वर नदीची वाळू आणि ओकच्या झाडाखालची काळी माती. एका डब्यात तीनच कांदे, आणि कांद्याची शेंडी मातीबाहेर डोकावलीच पाहिजे. मी एकदा तिला मदत म्हणून एक कांदा पूर्ण पुरला, तर तिने तो उकरून काढला आणि मला म्हणाली, ‘याला उगवायचंय, चोना. तू ह्याची मयत उरकलीस.’

संध्याकाळी तिचं दार म्हणजे आमचं नाट्यगृह. गुलबक्षी चारच्या सुमाराला उमलायची, उजेड ओसरला की निशिगंध, आणि जेवणं आटोपली की रातराणी. सगळे खुर्च्या ओढून बसायचे. हासिंतासुद्धा बसायची, पण आपल्या दारात, टाक्यापलीकडे. वास तिथवर जायचा. वास अडवता आला असता तर एवोदियाने तोही अडवला असता.

कारण या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक तप होऊन गेलं होतं. आणि मधे मी, अडकित्त्यातली सुपारी.

‘चोना, त्या बाईला सांग, तिच्या कोंबडीने पुन्हा माझा डबा उकरला तर तिचा रस्सा करीन.’

‘चोना, त्या बाईला सांग, कोंबडी तिच्याइतकीच म्हातारी आहे. शिजायची नाही.’

दोघींना दोघींचं सगळं ऐकू जायचं, तरी मी मधे उभं राहून पुन्हा सांगायचं. एकदा वैतागून म्हटलं, मी काय टपालपेटी आहे? तर दोघींनी एकाच वेळी, एकाच नजरेने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने निरोप पोचवला.

भांडणाचं कारण साऱ्या गल्लीला पाठ होतं. त्यांची आई ब्रिहिदा त्या हिवाळ्यात एवोदियाच्याच खोलीत अंथरुणाला खिळली होती. आमच्या चर्चच्या जत्रेची रात्र आली, आणि हासिंता हिरवा झगा घालून जत्रेला गेली. सकाळी उगवली तेव्हा आई गेलेली होती. पुढचं एवोदियाच्या तोंडून आम्ही दर नाताळात ऐकायचो. ‘मी तिचा हात धरून बसले होते. डोळ्याला डोळा लावला नव्हता. मला मांजर चाललं तरी जाग येते, तुम्हाला माहितीय. पहाटे तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मेणबत्ती विझावी तशी विझली. आणि ती बया नाचत होती.’

हासिंता यावर कधी एक अक्षर बोलली नाही. कोंबडीवरून तासभर भांडेल, पण आईचं नाव निघालं की उठून आत जायची. पाववाल्या लासारोशी तिचं जमलेलं होतं, ते त्याच्या आईने मोडलं. मरत्या आईला टाकून नाचणारी सून कोण करून घेईल. मला वाटायचं, लाज वाटत असेल बाईला, म्हणून गप्प बसते. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

तर ऑगस्ट उजाडला, देवमातेच्या सणाची पूर्वसंध्या. निशिगंध त्या वर्षी वेड्यासारखा आला होता. एवोदियाने सगळी फुलं चर्चला कबूल केली होती, सकाळी कापून न्यायची. दुपारी गावामागच्या ज्वालामुखीकडून एक काळा ढग आला आणि गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. एवोदिया एकटी धावत सुटली. एकेक डबा पोटाशी धरून खोलीत नेत होती. मी पुढे झाले तर ओरडली, ‘तू नको, तुझे हात दांडे मोडतात.’ हासिंता डोक्यावर पोतं घेऊन आपल्या दारातून बाहेर आली, चार पावलं. एवोदिया तिच्याकडे न बघता म्हणाली, ‘चोना, त्या बाईला सांग, माझे डबे मला उचलता येतात.’ मला सांगावं लागलं नाही. हासिंता पोतं घेऊन परत फिरली.

संध्याकाळी आभाळ असं स्वच्छ, जसं काही झालंच नाही. आम्ही खुर्च्या काढल्या. एवोदियाचं दार बंद.

तिचं दार त्या वेळी बंद असलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि दाराच्या फटीतून वास येत होता. निशिगंधाचा, दाट, गळ्यात बसणारा. आता निशिगंध आमच्याकडे दोनच ठिकाणी जातो, देवमातेच्या पायाशी आणि मेलेल्याच्या उशाशी. उघड्यावर तो वास कितीही गोड असो, बंद खोलीतून आला की आमचा हात आपोआप छातीवर क्रूस काढायला जातो. माझा गेला.

मी दार वाजवलं. मग थोपटलं. मग नाबोर सुताराने दोन्ही मुठींनी असं बडवलं की चौकटीची माती पडली. आत चिटपाखरू नाही. मांजर चाललं तरी जागी होणारी बाई, आणि एवढ्या आदळआपटीला हूं नाही की चूं नाही. मी खिडकीशी गेले, पडद्याला बोटभर फट होती.

आत काय दिसलं ते सांगते, आणि तुम्हीच सांगा माझ्या जागी तुम्ही काय समजला असता. खाटेवर एवोदिया उताणी. हात छातीवर. डोक्याभोवती पांढरा पंचा, हनुवटीखाली गाठ मारलेला, मेलेल्याचा जबडा बांधतात तसा. उशाशी जळती मेणबत्ती. आणि खाटेला चारी बाजूंनी खेटून पांढऱ्या फुलांचे डबे.

मी खिडकीपासून मागे वळले. म्हटलं, ‘एवोदिया गेली.’

दाराला आतून लोखंडी आडणा होता. नाबोर पहार आणायला दुकानाकडे पळाला, गल्लीच्या पार त्या टोकाला. आणि तेवढ्यात अंगण भरलं. आमच्याकडे मेलेल्यापाशी रात्रभर जागरण करतात, त्याला आमंत्रण लागत नाही. कुणी साखर घेऊन आलं, कुणी कॉफी, कुणी गोड पावांची टोपली, कुणी मेणबत्त्या. कॉफीचं मोठं मडकं दालचिनी टाकून चुलीवर चढलंसुद्धा. पोम्पोसा, जिला सगळे मानाने दोन्या म्हणतात, जपमाळ घेऊन हजर झाली. साऱ्या मोहल्ल्यात मेलेल्यांच्या प्रार्थना तीच म्हणते, आणि मरायच्या आधीच तिला वास लागतो अशी तिची ख्याती आहे. दाराबाहेरच खुर्ची टाकून तिने सुरुवात केली.

‘मनाने सोन्यासारखी होती,’ कुणीतरी म्हणालं.

‘मनाने. जिभेचं नको विचारू.’

पोम्पोसाने दोन प्रार्थनांच्या मधे मला हळूच विचारलं, ‘रातराणीचा डबा आता कुणाकडे? मला देते म्हणाली होती.’

मला संताप आला. म्हटलं, ‘तिने जन्मात कुणाला काही दिलेलं नाही. तुम्ही मणी मोजा.’

हे सगळं चाललेलं असताना हासिंता आपल्या दारात उभी होती. रडत नव्हती. मग ती चालू लागली. टाक्याला वळसा घालून अलीकडे आली. इतक्या वर्षांत तिने टाकं ओलांडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ती सरळ दाराशी गेली, आणि दोन्ही तळवे आणि कपाळ दाराला टेकून उभी राहिली.

‘वोदी,’ ती म्हणाली.

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

‘वोदी, दार उघड. नाही उघडायचीस. बरं, नको उघडू. आता तरी ऐक. मी नाचायला गेले नव्हते. आईनेच पाठवलं मला. म्हणाली, तो हिरवा झगा घाल, लासारोला दिसू दे, आणि लवकर ये. मी गेले, चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि परत आले. मी रात्रीच परत आले होते, वोदी.’

पोम्पोसाची माळ थांबली होती.

‘तू खुर्चीत झोपली होतीस. घोरत होतीस. किती रात्री जागली होतीस, झोपणारच, दगड थोडीच आहे माणूस. आणि आई जमिनीवर होती. खाटेवरून उतरून, सरपटत तुझ्यापर्यंत आलेली. तुला उठवायला आली असेल. तुझ्या झग्याची कड तिच्या मुठीत होती. गेली होती ती. मी तिची बोटं सोडवली, एकेक. तिला उचलून खाटेवर ठेवलं, गुडघा खरचटला होता तो पुसला, डोळे मिटले, पांघरूण घातलं. तू तरी उठली नाहीस. मग मी म्हटलं, हिला जाग येईल तेव्हा आई खाटेवर दिसू दे. म्हणून मी पुन्हा बाहेर गेले आणि उजाडेपर्यंत जत्रेतल्या बाकावर बसून राहिले. सकाळी तू म्हणालीस, मी नाचत होते. म्हटलं, म्हणू दे. कुणावर तरी ओरडल्याशिवाय ही वाचायची नाही.’

तिने कपाळ दारावरून उचललं. मग म्हणाली, ‘आता तुझ्या मनाला काय लागायचंय. म्हणून सांगितलं.’

अंगणात पंधरा-वीस माणसं असतील. इतकी वर्षं मी त्या हासिंताला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, आणि ती कोंबडीला दाणे टाकत सगळ्यांसमोरून फिरत होती.

आणि आत आडणा सरकला.

लोखंडाचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हासिंता मागे झाली. दार उघडलं आणि दारात एवोदिया उभी, हनुवटीखाली पंचाची गाठ, पाय उघडे. चुलीजवळच्या बाईच्या हातून पळी पडली. पोम्पोसा खुर्चीसकट मागे सरकली आणि म्हणाली, ‘देवा, ही कोणत्या बाजूची?’

नंतर सगळा उलगडा झाला. गारांनी केस भिजले म्हणून पंचा बांधलेला. मेणबत्ती देवमातेची. खोली ती केवढी, डबे ठेवणार कुठे, तर खाटेभोवती. आणि दमून पडली ती झोपली. मांजर कसलं, अंगणातून वरात गेली असती तरी ती बाई उठली नसती. नाबोरच्या मुठींनी जाग आली नाही. कशाने आली ते तिने कधी सांगितलं नाही, पण मला वाटतं त्या नावाने आली.

पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. एवोदिया आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने हासिंताला विचारलं, सरळ तिलाच, मला मधे न घेता, ‘मुठीत काय होतं?’

हासिंताचा चेहरा पांढराफटक पडला होता. ‘काही नाही गं. रडण्याच्या भरात काहीबाही बोलले मी.’

‘तू रडत नाहीयेस.’

‘वोदी, जाऊ दे ना आता.’

‘माझ्या झग्याची कड होती?’

हासिंताने एवोदियाच्या झग्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘हो.’

एवोदिया उंबऱ्यावर बसली. दोन्ही हातांनी स्वतःच्या झग्याची कड धरली आणि ती बघत राहिली. मला वाटलं आता ही किंचाळेल. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘मी झोपले होते. ते मला माहीत होतं. जाग आली तेव्हा ती थंड झाली होती. हात धरला, डोळ्यांत बघितलं, सगळं मी रचलं. पण ती खाली होती हे मला माहीत नव्हतं.’

आता बोला. दर नाताळात आम्ही ती गोष्ट ऐकून डोळे पुसले होते. मला राग आला, कीव आली, आणि दोन्हींचं काय करायचं कळेना.

तेवढ्यात नाबोर पहार घेऊन धापा टाकत आला. ‘व्हा बाजूला. कुठून घालू?’ मग उंबऱ्यावर बसलेलं प्रेत पाहून त्याच्या हातून पहार गळाली, ती त्याच्याच पायावर. कुणीही हसलं नाही.

लोक हळूहळू उठू लागले. साखर आणलेल्या बाईने साखर शालीखाली घेतली. आपण कशाला आलो होतो आणि आता काय म्हणून जायचं, कुणालाच उमगत नव्हतं.

‘कुठे निघालात?’ एवोदिया म्हणाली. ‘कॉफी उकळतेय ना? उकळू द्या. दोन्या पोम्पोसा, माळ काढा परत. फक्त नाव बदला. ब्रिहिदा म्हणा.’

‘अगं, तिला जाऊन एक तप झालं. तिच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना मीच म्हटल्या होत्या की.’

‘तिचं जागरण राहिलंय.’

पोम्पोसाने खुर्ची पुन्हा दाराशी ओढली. तिने माळ काढली.

एवोदिया आत गेली, कात्री घेतली आणि निशिगंध कापायला लागली. चर्चला कबूल केलेला सगळा. डब्यामागून डबा, पार बुडापासून. देठांची एक हिरवी जुडी हातात झाली, मग दुसरी. मी म्हटलं, ‘अगं, उद्या फादर काय म्हणेल?’ तिची कात्री थांबली नाही. हासिंता दारात उभी होती. एवोदिया तिला म्हणाली, ‘आई कुठे होती? दाखव.’

हासिंता आत आली. खाट आणि जुन्या खुर्चीच्या मधली फरशी तिने बोटाने दाखवली. खुर्चीच्या अगदी जवळ होती ती जागा. एवोदियाने फुलं तिथे ठेवली, नीट, सगळी देठं एका बाजूला करून. मग गुडघे टेकले आणि कपाळ फरशीला लावलं. तिचे खांदे हलत होते. आम्ही बाहेरूनच प्रार्थना म्हणत राहिलो, कारण आत शिरायची कुणाची हिंमत नव्हती.

कॉफी वाटून झाली. मी दोघींचे पेले घेऊन आत गेले तेव्हा हासिंता त्या खुर्चीत बसली होती आणि तिची मान पुढे पुढे झुकत होती. इतक्या वर्षांचा थकवा एकदम उतरावा तशी ती पेंगत होती. मला पाहून दचकली, डोळे ताणून बसली.

एवोदिया फरशीवरून उठली. पंचा सोडला, तो घडी करून बहिणीच्या मानेमागे सरकवला आणि आपण तिच्या पायाशी बसली.

‘झोप तू,’ ती म्हणाली. ‘काही लागलं तर हाक मार. मी जागी आहे.’